चिखलातल्या पक्ष्यांचे फोटो कसे काढावेत आणि नंतर कसे सुधारावेत

शेकाट्या या लांब पायांच्या पाणपक्ष्याचं डोकं जमिनीपासून जेमतेम दीड वीत उंच असतं आणि आपण त्याला पाच फुटांवरून बघतो. त्यामुळे फोटोत पक्ष्यामागे लगेच चिखल येतो. पक्षी त्यात मिसळून जातो आणि फोकस अचूक असूनही फोटो सपाट वाटतो. सुरुवातीची काही वर्षं मी उभ्यानेच फोटो काढले. त्यातला एकही आज पुन्हा बघावासा वाटत नाही. म्हणून पहिली गोष्ट हीच: खाली बसा, जमलं तर पालथे पडा. लेन्स पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीला आली की मागचा काठ दूर जातो, धूसर होतो आणि पक्षी सुटा उठून दिसतो.

वेळ आणि जागा

समुद्रकाठी किंवा खाडीवर जायचं तर आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. ओहोटीला पक्षी दूरवर पांगलेले असतात. पाणी चढू लागलं की चराईची जागा आक्रसते आणि तेच पक्षी काठाकडे सरकतात. त्यामुळे पूर्ण भरतीच्या दोनेक तास आधी काठावर बसून राहावं, पक्षी आपणहून जवळ येतात. पाण्याने परतीची वाट अडणार नाही, अशीच जागा निवडा आणि मऊ चिखलात एकट्याने उतरू नका. तळ्यावर पाणी नुकतं ओसरलेला उथळ काठ शोधावा.

सूर्य पाठीशी असावा, आणि वाराही पाठीशी असला तर फारच छान. पक्षी उडताना आणि उतरताना वाऱ्याकडे तोंड करतात, म्हणजे ते तुमच्या दिशेनेच येतील. सकाळचे पहिले दोन तास सोडू नका. ऊन तापलं की चिखलावरून झळा उठतात आणि लांबचा पक्षी पाण्याखाली असल्यासारखा थरथरतो. तो दोष कुठल्याही सॉफ्टवेअरने धड निघत नाही.

जवळ जाताना

सरळ पक्ष्याच्या रोखाने चालू नये. तिरकं, थांबत थांबत, वाकून जावं. चरणाऱ्या थव्याने माना वर केल्या की तिथेच थांबा. पुन्हा चोची चिखलात गेल्या तरच पुढे सरका. स्थलांतर करून आलेल्या तुतवारांना (चिखलात चरणाऱ्या लहान पक्ष्यांना) प्रत्येक घास मोलाचा असतो, एका फोटोसाठी अख्खा थवा उठवणं मला तरी पटत नाही. टिटवी आणि चिखल्या हे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. एखादा पक्षी पंख मोडल्याचं सोंग करत समोरून फरपटत जाऊ लागला, तर अंडी किंवा पिल्लं जवळपास आहेत. आल्या पावलांवरच मागे फिरा.

कॅमेऱ्याची मांडणी

लेन्स ४०० मिमी किंवा त्याहून मोठी असेल तर बरं. चालत्या पक्ष्यासाठी शटर १/१००० सेकंद, उडत्यासाठी १/२००० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा. फोकस सलग (पक्ष्याबरोबर आपोआप बदलत राहणारा), आणि सोय असेल तर डोळा ओळखणारा. लांब चोचीचा पक्षी अगदी जवळ असेल तर लेन्सचं छिद्र लहान करून एफ ८ घ्यावं, नाहीतर डोळा स्पष्ट येतो आणि चोचीचं टोक विरघळतं. फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपातच घ्या.

सगळ्यात जास्त फोटो बिघडतात ते पांढऱ्या बगळ्यांचे. मागे गडद पाणी असलं की कॅमेरा सगळं दृश्य उजळ करायला जातो आणि बगळा खडूने रंगवल्यासारखा होतो. पिसांच्या रेषा एकदा जळाल्या, म्हणजे अती उजळून पांढऱ्याफटक झाल्या, की त्या रॉमधूनही परत येत नाहीत. म्हणून एक्स्पोजर (फोटोत येणारा प्रकाश) पाऊण ते सव्वा स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा) कमी करा आणि मागच्या पडद्यावर जळालेला भाग लुकलुकतो का, ते बघा. ऊन स्थिर असेल तर मला मॅन्युअल (सगळं हाताने ठरवणं) बरं वाटतं: पांढऱ्या पिसांवर एकदा एक्स्पोजर बसवलं की मागे पाणी येवो वा गवत, ते बदलत नाही.

क्षण

उभा बगळा कुणालाही मिळतो. थोडा वेळ एकाच पक्ष्यावर नजर ठेवा. लहान बगळा एक पाय पुढे टाकून पाण्यात थरथरवतो, काळ्या पायाची पिवळी बोटं गाळ ढवळतात आणि लपलेली मासळी बाहेर निघते. मान किंचित मागे ओढली गेली की बोट बटणावर असू द्या, पुढचा झेप घेण्याचा क्षण डोळ्याला दिसतही नाही. अंघोळ करणारा पक्षी तर सोडूच नये. डुबक्या संपल्या की तो ताठ होऊन पंख झाडतो आणि थेंबांची माळ उडते. तेव्हा चौकट थोडी सैल ठेवा, म्हणजे पंख कापले जाणार नाहीत. पाणी शांत असेल तर प्रतिबिंबही पूर्ण घ्या, अर्धं कापलेलं प्रतिबिंब खुपतं.

संगणकावर

आधी पाण्याची रेषा सरळ करा, तिरपं पाणी लगेच खटकतं. मग कापणी: पक्षी ज्या बाजूला बघतो तिकडे जास्त जागा सोडा. त्यानंतर हायलाइट (सगळ्यात उजळ भाग) खाली ओढून पिसांचा पोत आणा आणि पोटाखालची सावली थोडीच उचला. सकाळच्या उन्हाचा पिवळसरपणा पूर्ण काढू नये, बगळा निळसर दिसू लागतो. नॉइज (फोटोतले दाणे) आधी काढा, शार्पनेस नंतर द्या, तोही मास्क लावून, म्हणजे बाकीचा भाग झाकून, फक्त पक्ष्यावर. पार्श्वभूमी शार्प केली की दाणे वर येतात. रोहित पक्ष्याचा गुलाबी रंग वाढवण्याचा मोह आवरा, रंग भडक झाला की पिसांमधले बारीक फरक बुजतात. एखादी आडवी काडी पुसली तर हरकत नाही, पण थव्यात पक्षी वाढवू नका.

फोटो ऑनलाइन टाकण्याआधी आकार लहान करून पुन्हा हलका शार्पनेस द्या. घरटं किंवा पिल्लं दिसत असतील तर जागेचं नाव लिहू नका आणि फाइलमधली जीपीएसची नोंदही काढून टाका.