टेनिस खेळणाऱ्या मुलाला साथ कशी द्यावी: पहिल्या स्पर्धेपासून ज्युनियर दौऱ्यापर्यंत

३२ खेळाडूंच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत १६ मुलं हरतात. स्पर्धा संपते तेव्हा ३१ जणांच्या वाट्याला एकेक पराभव आलेला असतो. सांघिक खेळात हार वाटून घेता येते. टेनिसमध्ये ती एकट्याच्या नावावर लागते, आणि मूल कोर्टवर असताना पाठीवर हात ठेवायलाही शेजारी कोणी नसतं. म्हणून पालकांनी एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करावी. सामना मुलाचा असतो. आपलं काम सामन्याच्या आधी असतं आणि नंतर असतं, आणि ते काम पुष्कळ आहे.

१. चेंडू, कोर्ट आणि रॅकेट वयाप्रमाणे निवडा

नेहमीचा पिवळा चेंडू सात वर्षांच्या मुलाच्या डोक्याच्या उंचीपर्यंत उसळतो. तो कसाबसा परतवण्यासाठी मूल चुकीची ग्रिप धरतं, आणि ती सवय पुढे मोडता मोडत नाही. त्यासाठीच टप्पे केलेले आहेत. लाल चेंडू सुमारे ७५ टक्के संथ असतो आणि ११ मीटर लांबीच्या कोर्टवर खेळतात. नारिंगी ५० टक्के संथ, त्याचं कोर्ट १८ मीटर. हिरवा २५ टक्के संथ आणि कोर्ट पूर्ण. २०१२ पासून आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमांनुसार दहा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धा याच चेंडूंवर होतात. शेजारचा मुलगा पिवळ्या चेंडूवर खेळू लागला म्हणून आपल्या मुलाला घाईने पुढच्या टप्प्यावर ढकलू नका.

मुलांच्या रॅकेट १९ ते २६ इंचांच्या मिळतात, मोठ्यांची २७ इंचांची असते. कपडे वाढत्या अंगाचे घेतले तर चालतं, रॅकेट घेऊ नये. लांब आणि जड रॅकेटचा भार मनगटावर आणि खांद्यावर येतो.

२. पहिल्या स्पर्धेआधी नियम शिकवा

फोरहँड कितीही सुरेख असला तरी पहिल्या स्पर्धेत मुलं रडकुंडीला येतात ती बहुधा गुण मोजताना आणि लाइन कॉल देताना, म्हणजे चेंडू आत पडला की बाहेर ते सांगताना. ज्युनियर स्पर्धांमध्ये बहुतेक सामन्यांना खुर्चीत पंच नसतो. आपल्या बाजूच्या चेंडूचा निर्णय प्रत्येकाने स्वतः द्यायचा असतो. रेषेला किंचित स्पर्श झाला तरी चेंडू आत. नीट दिसलं नाही किंवा शंका आली, तरी चेंडू आत, म्हणजे शंकेचा फायदा समोरच्याला. ‘आउट’ म्हणायचं ते लगेच, मोठ्याने आणि हाताने खूण करून. सर्व्हिस करणाऱ्याने प्रत्येक गुणाआधी समोरच्याला ऐकू जाईल असा गुणफलक म्हणायचा. मतभेद झाला तर दोघांना मान्य असलेले गुण आठवून तिथून पुढे जायचं, आणि तरीही मिटलं नाही तर खेळ थांबवून रेफरीला बोलवायचं. रेफरीला बोलावणं म्हणजे तक्रारखोरपणा, असं बऱ्याच गुणी मुलांना वाटतं. तो त्यांचा हक्क आहे, हे स्पष्ट शब्दांत सांगा.

हे सगळं सरावात खेळून घ्या. एका सरावसामन्यात मुद्दाम चुकीचा कॉल द्या आणि मूल काय करतं ते पाहा. ‘तुला खात्री आहे का?’ एवढं शांतपणे विचारता येणं हेसुद्धा टेनिसमधलं कौशल्य आहे.

पहिली स्पर्धा निवडताना साखळी पद्धतीची, किंवा पहिल्या फेरीत हरलेल्यांना आणखी सामने मिळतील अशी पाहा. लांबचा प्रवास करून वीस मिनिटांत खेळ आटोपला, तर मूल काही शिकून येत नाही.

३. वर्षाचं वेळापत्रक क्रमवारीकडे बघून आखू नका

कोच मंडळी एक साधा आडाखा वापरतात: साधारण दोन सामने जिंकावेत, एक हरावा. मूल सतत जिंकत असेल तर वरच्या पातळीवर न्या. सतत हरत असेल तर एक पायरी खाली या, त्यात कमीपणा नाही. दर काही स्पर्धांनंतर आठवडा-दोन आठवडे फक्त सरावासाठी सलग मोकळे ठेवा. सर्व्हिसमध्ये बदल करायचा असेल तर तो तेव्हाच होतो, कारण उद्या सामना असताना कोणतंही मूल जुन्या सवयीलाच धरून राहणार. दुहेरी खेळू द्या. तिथे व्हॉली, म्हणजे टप्पा पडण्याआधीच मारायचा फटका, सुधारते आणि मैत्रीही होते.

आंतरराष्ट्रीय ज्युनियर दौरा १३ ते १८ वयोगटासाठी असतो. स्पर्धा सर्वांत खालच्या जे३० पासून सर्वांत वरच्या जे५०० पर्यंतच्या श्रेणींत विभागलेल्या असतात, आणि लहान वयाच्या खेळाडूंनी वर्षात किती स्पर्धा खेळाव्यात यावर बंधन असतं. त्यामागे वेदनादायक अनुभव आहेत. अमेरिकेची जेनिफर कॅप्रियाती १९९० मध्ये १३व्या वर्षी व्यावसायिक झाली, १४व्या वर्षी फ्रेंच ओपनची उपांत्य फेरी खेळली आणि विशीच्या आतच खेळापासून दूर गेली. ती परतली, २००१ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली, पण मधली वर्षं फार खडतर होती. १९९० च्या दशकाच्या मध्यात महिला दौऱ्याने वयाचे नियम कडक केले. बाराव्या वर्षीच्या क्रमवारीसाठी मुलाचं बालपण पणाला लावू पाहणाऱ्यांनी ही कहाणी विसरू नये.

४. सामन्याच्या दिवशी कमी बोला

जेवण दोन-तीन तास आधी. बॅगेत दोन रॅकेट, जास्तीचे मोजे, टॉवेल, टोपी, पुरेसं पाणी. ही बॅग मुलानेच भरावी, आदल्या रात्री. कोर्टवर जाण्याआधी अंग मोकळं व्हायला पुरेसा वेळ हवा. निरोप देताना सूचनांची यादी वाचू नका. ‘आज काय करून बघणार आहेस?’ असं विचारा आणि उत्तर ऐकून घ्या.

सामना सुरू झाला की मूल दर चुकीनंतर तुमच्या चेहऱ्याकडे बघणार. तिथे कपाळावरची आठी दिसली तर पुढचा फटका ते तुमच्यासाठी मारतं. थोडं बाजूला बसा. चांगला फटका समोरच्या मुलाने मारला तरी टाळ्या वाजवा. १ जानेवारी २०२५ पासून टेनिसच्या नियमांनी, आयोजक संस्थेने मुभा दिली असेल तर, कोर्टबाहेरून मार्गदर्शन करायला परवानगी दिली आहे. माझं आग्रहाचं सांगणं आहे की पालकांनी ती वापरू नये. दोन गुणांच्या मध्ये २५ सेकंद मिळतात, बाजू बदलताना ९० सेकंद. सामन्याचा बराचसा वेळ अशा मधल्या क्षणांतच जातो. श्वास सावरणं, रॅकेटच्या तारा सरळ करणं, पुढच्या गुणाचा विचार करणं हे मूल तिथेच शिकतं, आणि आपण ती जागा सूचनांनी भरून टाकली तर ते कधीच शिकणार नाही.

चुकीवर कुढत बसणाऱ्या मुलाला एक आकडा सांगा. रॉजर फेडररने कारकिर्दीत एकेरीचे १५२६ सामने खेळले आणि त्यांतले जवळजवळ ८० टक्के जिंकले, पण गुण मात्र त्याने ५४ टक्केच जिंकले. जवळजवळ निम्मे गुण तोही हरत होता.

५. परतीच्या वाटेवर

हरल्यानंतरचा पहिला तास विश्लेषणाचा नसतो. पाणी द्या, खायला द्या, सोबत राहा. विषय मुलाने काढला तर ऐका. ‘तो सोपा बॉल कसा सोडलास?’ या प्रश्नाला उत्तर नसतं, फक्त लाज असते. चर्चा दुसऱ्या दिवशी, कोचबरोबर, आणि एका-दोन गोष्टींपुरतीच. जिंकल्यावरही हाच नियम पाळा. तुमची माया निकालावर अवलंबून नाही, हे मुलाला दोन्ही दिवशी सारखं वागून दाखवता येतं.

अपवाद एकच. मुलाने रॅकेट आपटली, खोटा कॉल दिला, समोरच्याचा अपमान केला, तर सामना जिंकला असला तरी त्याच दिवशी बोला.

६. वाढत्या शरीराकडे लक्ष ठेवा

मुलींमध्ये साधारण ११-१२ व्या वर्षी आणि मुलांमध्ये १३-१४ व्या वर्षी उंची झपाट्याने वाढते. हाडं आधी लांब होतात, स्नायू मागून जुळवून घेतात. काल बसणारी सर्व्हिस आज बसत नाही, टाच किंवा गुडघ्याखालचा भाग दुखतो. हा आळस नसतो. दर तीन महिन्यांनी उंची मोजून ठेवा, वाढीच्या काळात सर्व्हिसची संख्या आणि उड्या कमी करायला कोचला सांगा. आठवड्यातल्या संघटित सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत, ही मर्यादा क्रीडावैद्यक तज्ज्ञ सुचवतात: दहा वर्षांच्या मुलाला दहा तासांपर्यंत. आठवड्यातून निदान एक दिवस पूर्ण सुट्टी हवी, आणि दुसरा एखादा खेळही. बारा वर्षांपर्यंत ९ ते १२ तास आणि त्यानंतर ८ ते १० तास झोप हवी. किशोरवयीन खेळाडूची कंबर दोन आठवड्यांहून जास्त दुखत असेल तर मलम चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. मणक्याच्या हाडाला ताणामुळे बारीक तडा गेलेला असू शकतो.

७. कोचशी बोला, पण कोच होऊ नका

दोन-तीन महिन्यांतून एकदा बसून विचारा: सध्या कशावर काम चाललंय, पुढचं काय? तंत्राबद्दल कोर्टवर एकच आवाज असू द्या. सुरक्षेबाबत मात्र संकोच नको. सराव इतरांना दिसेल असा असावा, मुक्कामाच्या स्पर्धेत सोबत कोण आहे आणि खोलीची व्यवस्था काय आहे, हे तुम्हाला माहीत असलंच पाहिजे.

८. ‘मला थांबायचंय’ म्हणालं तर

हे वाक्य पराभवाच्या संध्याकाळी आलं तर थोडे दिवस जाऊ द्या. शांत आठवड्यातही पुन्हा आलं तर मनापासून ऐका: नको आहे ते टेनिस, स्पर्धा, प्रवास की एखादी व्यक्ती? ऑस्ट्रेलियाची ॲशली बार्टी २०११ मध्ये विम्बल्डनची ज्युनियर विजेती झाली. २०१४ मध्ये तिने टेनिस थांबवलं, काही काळ क्रिकेट खेळली, २०१६ मध्ये परतली आणि तीन वेगवेगळी ग्रँड स्लॅम एकेरी विजेतेपदं जिंकली. सगळीच मुलं परतत नाहीत, आणि परतलीच पाहिजेत असंही नाही. काही महिने स्पर्धा बंद, सराव हवा तेव्हाच, असा मधला मार्ग आधी सुचवून पाहा. त्या काळात रॅकेट दारामागे असू द्या, आणि तिचा विषय मुलानेच काढेपर्यंत तुम्ही काढू नका.