बडोद्याहून इंग्लंडला, आणि लेक नववी-दहावीत

नोकरीचं पत्र आलं की घरात आधी तिकिटाची चर्चा होते, मग दांडिया बाजारातल्या घराला भाडेकरू कोण बघायचा याची. आमच्याकडेही तेच झालं. त्यापेक्षा मुलाचा जन्मदाखला पुढे घ्या आणि येत्या १ सप्टेंबरला त्याला किती वर्षं पूर्ण होतात ते मोजा. इंग्लंडमधली सरकारी शाळा वर्ग देते तो सहसा वय बघून. इथे कितवी पास झालात, याला तिथे फारसं कोणी विचारत नाही. १४ पूर्ण असतील तर इयर टेन, १५ असतील तर इयर इलेव्हन, आणि १६ असतील तर जीसीएसई (तिथली दहावीसारखी परीक्षा) मागे टाकून ए लेव्हल (तिथली अकरावी-बारावी) किंवा तत्सम अभ्यासक्रम.

आमच्या लेकीचा जन्म नोव्हेंबरचा. बोर्डाची दहावी झाली, निकाल चांगला लागला, आम्ही ऐटीत निघालो. सप्टेंबरात तिला इयर इलेव्हनमध्ये बसवलं. जीसीएसई दोन वर्षांची. बाकीच्यांचं एक वर्ष उरकलेलं, हिला पुन्हा दहावी, तीही अर्ध्यातून. तीच त्याच वर्षी जुलैत जन्मली असती तर थेट ए लेव्हलला गेली असती. म्हणून मूल सप्टेंबरनंतरचं असेल तर नववी संपवूनच निघा, म्हणजे इयर टेन पहिल्या दिवसापासून मिळतं. ते जमत नसेल तर एका पालकाने अकरावी होईपर्यंत मुलासोबत मागे राहावं. फक्त अठरा पूर्ण होण्याआधी त्याचा डिपेंडंट व्हिसाचा (नोकरीवाल्या पालकाच्या आधाराने मिळणाऱ्या व्हिसाचा) अर्ज गेला पाहिजे. नवरात्र उरकून ऑक्टोबरात निघू, असं आजी म्हणतील. मोह मलाही होता, पण सत्राच्या मधोमध शिरणं हा सगळ्यात वाईट मुहूर्त.

शाळा मिळते ती सहसा तिथल्या कौन्सिलमार्फत, म्हणजे स्थानिक प्रशासनामार्फत. सरकारी शाळेला फी नाही, पण अर्जाला पत्ता लागतो, त्यामुळे घर आधी आणि शाळा मागून. शाळा ठरली की लगेच विचारा, कोणत्या विषयाला कोणतं बोर्ड: एक्यूए, एडेक्सेल की ओसीआर? एकाच शाळेत गणिताला एक आणि इंग्रजीला दुसरं असू शकतं, आणि साहित्याच्या पेपरात कोणतं शेक्सपिअरचं नाटक हेही शाळा ठरवते. ते नाटक उन्हाळ्यातच वाचून घ्या.

गणिताची गोष्ट जरा नीट ऐका. तिथे दोन पातळ्या असतात, फाउंडेशन आणि हायर. फाउंडेशनमध्ये कितीही चांगलं लिहिलं तरी ५ च्या वर ग्रेड जात नाही, आणि सर्वात वरची ग्रेड आहे ९. नव्या मुलाचं इंग्रजी अडखळतं म्हणून त्याला खालच्या गटात टाकायचा कल असतो. इथल्या गुणपत्रिका, विषयवार किती पोर्शन झाला याचं शाळेच्या लेटरहेडवरचं पत्र आणि दोन-तीन सोडवलेल्या उत्तरपत्रिका न्या, आणि हायरसाठी अडून बसा. आमच्या लेकीला वर्गसमीकरणं तोंडपाठ होती. अडली ती कॅल्क्युलेटरपाशी. तिला त्याची सवय नव्हती, तिथे तीनपैकी दोन पेपर त्यावर असतात. चांगला सायंटिफिक कॅल्क्युलेटर आधीच घेऊन हात बसवा.

आणि एक गंमत. जीसीएसईला गुजराती हा विषय आहे, मराठी नाही. बडोद्यातल्या मराठी पोराला शाळेतलं गुजराती तिथे कामाला येतं! शाळा परीक्षेला बसवायला तयार आहे का, ते विचारा.

कागदांत सगळ्यात जास्त घोळ नावाचा. आपल्या दाखल्यांवर आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टात क्रम वेगळा. आमच्या लेकीला पहिला महिनाभर वर्गात वडिलांच्या नावाने हाक मारत होते. स्पेलिंग सगळीकडे एक करून घ्या, आणि दाखला नुसता गुजरातीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर करा. सहा महिन्यांहून जास्त राहायला जाताना क्षयाची तपासणी लागते, आणि तिचं प्रमाणपत्र सहा महिनेच चालतं. फार आधी करू नका. हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आकार, अठरा वर्षांखालच्या मुलाचा वर्षाला ७७६ पौंड, मोठ्यांचा १,०३५, आणि तो व्हिसाच्या सगळ्या वर्षांचा एकदम भरायचा असतो.

कॉलेजचं गणितही आत्ताच मांडा. सयाजीराव महाराजांनी १९१३ साली आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं. आपल्यामागे कोणी महाराज नाहीत. तीन वर्षं तिथे राहिलं की स्थानिक फी लागते, असा समज आहे. नुसत्या राहण्याने भागत नाही, साधारणपणे कायम वास्तव्याचा हक्कही मिळालेला असावा लागतो. नाहीतर परदेशी विद्यार्थ्याची फी, आणि ती कितीतरी पटींनी जास्त. परत येऊन इथे शिकायचा विचार असेल तर ए लेव्हलचे विषय निवडतानाच एआययूचे (असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजचे) समकक्षतेचे नियम वाचा. मेडिकलचं मनात असेल तर फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी तिन्ही घ्यावे लागतील.

आता एलसी, म्हणजे इथल्या शाळेचा शाळा सोडल्याचा दाखला. शाळेचं ऑफिस म्हणेल, सत्र संपतंय, आत्ताच घेऊन टाका. घेऊ नका. बोर्डाची नोंदणी नववीतच झालेली असते, आणि दाखला काढल्यावर व्हिसा अडकला तर दहावीला दुसरीकडे शिरणं जड जातं. आमच्या ओळखीतल्या एका घरात हे झालं. पोरगं दोन महिने घरी बसून होतं. व्हिसा मंजूर झाल्याचं कळेपर्यंत फी भरत राहा, आणि मगच एलसीचा अर्ज द्या.