वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर प्रोटीन पावडर कशी निवडावी

पोट लहान करणारं स्लीव्ह किंवा गॅस्ट्रिक बायपास झाल्यावर पहिले काही आठवडे पोटात एका वेळी जेमतेम दोन-चार घोट मावतात. प्रोटीनची गरज मात्र तेवढीच राहते. आतले टाके भरून यायला प्रोटीन लागतं आणि वजन झपाट्यानं उतरत असताना चरबीबरोबर स्नायूही झिजू नयेत म्हणूनही लागतं. बहुतेक सर्जन आणि आहारतज्ज्ञ दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रोटीन सांगतात, काहींना त्याहून जास्त. तुमचा आकडा डिस्चार्जच्या वेळीच कागदावर लिहून घ्या, कारण पुढची सगळी खरेदी त्यावर ठरते. किडनीचा त्रास किंवा बऱ्याच वर्षांचा मधुमेह असेल, तर क्रिएटिनिनचा (किडनीचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट दाखवल्याशिवाय हा आकडा ठरवू नका.

घरचं पातळ काय मोजायचं, काय नाही

पेशंट घरी आला की पाहुणे डबे घेऊन येतात, आणि कोल्हापुरात डबा म्हणजे बहुतेक वेळा अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं बिनतिखट पाणी. मटण शिजवल्यावर प्रोटीन मटणातच राहतं. पाण्यात उतरतं ते मुख्यतः हाडा-कातडीतलं थोडं जिलेटीन, मीठ आणि चरबी. पातळ आहाराच्या तक्त्यात सूप असेल तर अळणी गाळून, गार करून, वर साकळलेली चरबी काढून चवीपुरती घ्यायला हरकत नाही, पण प्रोटीनच्या हिशोबात ती शून्य धरा. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध, काजू, खसखस असतं. इतका स्निग्ध रस्सा नव्या पोटाला झेपत नाही. वरणाच्या वरच्या पाण्यात वाटीमागे एखाद-दोन ग्रॅमच प्रोटीन असतं. नाचणीची आंबील पिष्टमय, तिच्यातूनही फारसं मिळत नाही.

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरचं धारोष्ण दूध ताकदीचं मानलं जातं. ऑपरेशननंतर मात्र ते पूर्ण बंद ठेवा. ते न तापवलेलं असतं, त्यामुळं जंतूंचा धोका राहतो. शिवाय म्हशीच्या दुधात साधारण 6 ते 7 टक्के फॅट असते. दूध घ्यायचंच तर पिशवीतलं डबल टोन्ड घ्या. त्यात फॅट दीड टक्का आणि 100 मिलीमागे सुमारे 3.3 ग्रॅम प्रोटीन असतं. ते उकळून, गार करून वापरा.

तालमीतली थंडाईसुद्धा इथं चालत नाही. बदाम, खसखस, साखर आणि म्हशीचं दूध हा खुराक रोज शेकड्यांनी जोर-बैठका काढणाऱ्या पैलवानासाठी आहे. घरात कुणी व्यायामशाळेत जाणारं असेल तर त्याच्या डब्यातली पावडर उसनी घेण्याआधी डब्यावर ‘गेनर’ लिहिलंय का ते बघा. वजन वाढवण्याच्या त्या पावडरीत बहुतांश भाग पिष्टमय पदार्थांचा असतो आणि प्रोटीन थोडं.

डबा उलटा करून वाचा

डब्याच्या पुढच्या बाजूला ‘हाय प्रोटीन’, ‘डॉक्टरांची पसंती’ असं काहीही लिहिलेलं असू शकतं. निर्णय मागच्या पोषण तक्त्यावरून घ्यायचा.

पहिला हिशोब टक्क्यांचा. एका मापातलं प्रोटीन भागिले त्या मापाचं वजन, गुणिले 100. 30 ग्रॅमच्या मापात 24 ग्रॅम प्रोटीन म्हणजे 80 टक्के, ही पावडर उत्तम. 33 ग्रॅमच्या मापात 11 ग्रॅम म्हणजे 33 टक्के. अशी पावडर पोट भरते, पण प्रोटीन देत नाही, आणि ऑपरेशननंतर पोटातली जागाच सर्वांत महाग असते. मेडिकलमध्ये आजाऱ्यांसाठी म्हणून मिळणारे बरेच डबे 30 ते 45 टक्क्यांच्या घरात असतात. लहान मुलांच्या मॉल्टच्या पावडरी 7 ते 12 टक्क्यांच्या आसपास. पहिल्या दोन महिन्यांत 75 टक्क्यांच्या खाली शक्यतो जाऊ नका.

दुसरी बघायची ती साखर. एका मापात 5 ग्रॅमच्या आत हवी, 2 ग्रॅमच्या आत असेल तर आणखी चांगलं. इथं फसगत होते, कारण ‘साखर घातलेली नाही’ असं लिहिलेल्या डब्यातही माल्टोडेक्स्ट्रिन असू शकतं. ते साखरेच्या रकान्यात दिसत नाही, पण पोटात जाताच ग्लुकोज होतं. म्हणून घटकांची यादी वाचा. यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापलेली असते. पहिलं नाव व्हे आयसोलेट, व्हे कॉन्सन्ट्रेट (व्हे म्हणजे दूध फाटल्यावर उरणाऱ्या पाण्यातलं प्रोटीन) किंवा सोया आयसोलेट असायला हवं. पहिल्या तिघांत माल्टोडेक्स्ट्रिन, डेक्स्ट्रोज, लिक्विड ग्लुकोज किंवा सुक्रोज दिसलं तर डबा परत ठेवा. गूळ घातलेली ‘नैसर्गिक’ पावडरही त्यातच आली. बायपास झालेल्या पोटाला गूळ आणि साखर यांत फरक कळत नाही.

सॉर्बिटॉल, माल्टिटॉल, झायलिटॉल हे गोडी आणणारे पदार्थ अनेकांना गॅस आणि जुलाब देतात. सुक्रालोज किंवा स्टीव्हिया त्या मानानं बरे. यादीत ग्लायसिन, टॉरिन किंवा क्रिएटिन वेगळं घातलेलं असेल तर सावध व्हा. स्वस्त अमिनो आम्लं, म्हणजे प्रोटीनचे सुटे घटक, आणि तसलेच पदार्थ मिसळून प्रोटीनचा आकडा फुगवण्याचा तो एक मार्ग आहे.

कोणतं प्रोटीन

सुरुवातीला व्हे आयसोलेट. त्यात 90 टक्क्यांच्या आसपास प्रोटीन असतं आणि लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, एक टक्क्याहून कमी. ऑपरेशननंतर, विशेषतः बायपासनंतर, आधी दूध पचणाऱ्या माणसालाही लॅक्टोज काही काळ सोसत नाही. व्हे कॉन्सन्ट्रेट स्वस्त पडतं, त्यात प्रोटीन 70 ते 80 टक्के, पण लॅक्टोज जास्त. पोट स्थिरावल्यावर त्याकडे वळता येतं. दुधाची चवच नकोशी झाली असेल तर ‘क्लिअर व्हे’ म्हणून सरबतासारखं पातळ, फळांच्या चवीचं आयसोलेट मिळतं. दुधाळ पेय बघूनच मळमळणाऱ्यांना ते जातं.

दूध पूर्ण वर्ज्य असेल तर सोया आयसोलेट घ्या. वनस्पतींपैकी त्याचं प्रोटीन गुणवत्तेत दुधाच्या जवळ जातं. वाटाण्याचं प्रोटीनही चालतं, फक्त त्यात मेथिओनिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असतं. थायरॉइडची गोळी चालू असेल तर सोया आणि गोळीत चार तासांचं अंतर ठेवा. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या यांतही हेच अंतर.

कोलॅजेनची जाहिरात केस आणि त्वचेसाठी जोरात चालते. त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतं, त्यामुळं एकट्या कोलॅजेनवर दिवसाची गरज भागत नाही. ते प्राण्यांपासून बनतं, हेही शाकाहारी आणि जैन घरांनी ध्यानात घ्यावं. डब्यावर हिरवा ठिपका आहे का ते तपासा.

सत्तू किंवा डाळ्यांचं पीठ वाईट नाही, पण 30 ग्रॅममध्ये सहाएक ग्रॅमच प्रोटीन मिळतं आणि पेय घट्ट होतं. ते तिसऱ्या महिन्यानंतर.

मोठा डबा आधी घेऊ नका

ऑपरेशननंतर जिभेची चव आणि नाकाची संवेदना बदलते. आधी आवडलेलं चॉकलेट नंतर वासानंही नको होतं. म्हणून आधी एकेका मात्रेच्या पुड्या घ्या, दोन-तीन चवींच्या, आणि त्यात एक बिनचवीची हवीच. चार-पाच दिवस एखादी चव टिकली, पोट बिघडलं नाही, तर मग अर्धा किंवा एक किलो. राजारामपुरीतल्या दुकानांत किंवा सीपीआर हॉस्पिटलजवळच्या मेडिकलमध्ये पुडी मागितली आणि मोठाच डबा पुढं आला, तर नम्रपणे नको म्हणा.

किंमत डब्याची बघू नका, प्रोटीनच्या ग्रॅमची बघा. समजा एक किलोचा डबा 3,200 रुपयांना आहे आणि पावडर 80 टक्क्यांची, तर 800 ग्रॅम प्रोटीन मिळालं, म्हणजे ग्रॅमला 4 रुपये. अर्धा किलोची 10 टक्क्यांची मॉल्ट पावडर 400 रुपयांना असेल तर 50 ग्रॅम प्रोटीन मिळालं, ग्रॅमला 8 रुपये. दिसायला स्वस्त असलेली पावडर दुप्पट महाग निघाली.

नकली माल या धंद्यात आहे. झाकणाखालचं सील अखंड हवं, बॅच नंबर आणि मुदत स्पष्ट छापलेली हवी, एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 अंकी परवाना क्रमांक हवा. तो त्यांच्या फॉसकॉस संकेतस्थळावर तपासता येतो. आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता असलेला स्टिकर लागतो. बिल घ्या. सुटी पावडर कितीही विश्वासाच्या माणसाकडून मिळाली तरी नको.

कालवायचं कसं, प्यायचं कसं

शेकरमध्ये आधी 200 मिली गार किंवा कोमट पाणी, मग पावडर. उलट केलं तर तळाला गोळा बसतो. पहिल्या तीन दिवसांत अर्धंच माप घ्या. हलवून झाल्यावर पाच-दहा मिनिटं तसंच ठेवा, फेस बसू द्या. फेसाबरोबर हवा पोटात जाते आणि छातीत दाटतं. उकळत्या दुधात किंवा गरम सुपात व्हे टाकलं की ते फाटल्यासारखं होऊन गुठळ्या धरतं. सूप बोट बुडवता येईल इतकं निवल्यावर बिनचवीची पावडर थोड्या गार पाण्यात कालवून त्यात मिसळा.

गोड नको वाटणाऱ्यांसाठी पातळ ताकात बिनचवीची पावडर, चिमूटभर मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड हा प्रकार बहुतेकांना चालतो. कांदा-लसूण मसाला या टप्प्यावर अजिबात नको.

30 मिलीचं औषधाचं माप जवळ ठेवा. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक माप. 200 मिलीचा ग्लास संपायला सव्वा ते दीड तास लागतो, आणि तो लागलाच पाहिजे. स्ट्रॉ नको, सोडा नको. खाणं सुरू झाल्यावर जेवण आणि पेय यांत अर्धा तास अंतर ठेवा.

60 ग्रॅमचा दिवस असा जमतो: 80 टक्क्यांच्या पावडरीची 30 ग्रॅमची दोन मापं, म्हणजे 48 ग्रॅम, चार अर्ध्या मापांत सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि रात्री. त्यांपैकी दोन वेळा पाण्याऐवजी 150 मिली डबल टोन्ड दूध, म्हणजे आणखी 10 ग्रॅम. दूध सोसत असेल तर एका वेळी 15 ग्रॅम स्किम्ड मिल्क पावडर घाला, आणखी 5 ग्रॅम मिळतात. मापाचा चमचा प्रत्येक डब्यात वेगळा असतो. डबा बदलला की काट्यावर एकदा वजन करून बघा.

साधं पाणी याशिवाय. सगळं मिळून दिवसाला दीड ते दोन लिटर द्रव गेला पाहिजे, नाहीतर बद्धकोष्ठ होतं आणि दोष पावडरीला जातो.

बिघडलं तर वेळ बघा

कारण शोधायला घड्याळ सर्वांत उपयोगी पडतं. पिताना किंवा लगेच उलटी, छातीत दाटणं: घाई झाली किंवा घोट मोठा होता. दहा ते तीस मिनिटांत घाम, धडधड, पोटात मुरडा, जुलाब: हे डम्पिंग, म्हणजे गोड पेय पोटातून घाईनं आतड्यात उतरणं, पेयात साखर जास्त आहे. एक ते तीन तासांनी थरथर, डोळ्यांपुढं अंधारी: साखर आधी चढून मग खाली आली, पेय बदला आणि डॉक्टरांना सांगा. अर्ध्या ते दोन तासांत पोट फुगणं, गुडगुड, पातळ संडास: लॅक्टोज किंवा सॉर्बिटॉलसारखा पदार्थ. एका वेळी एकच गोष्ट बदला. पावडर, दूध आणि चव एकदम बदलली तर दोषी कोण ते कळत नाही.

एक दिवसाहून जास्त उलट्या चालू राहिल्या, घोटभर पाणीही टिकत नसेल, ताप किंवा वाढती पोटदुखी असेल, तर पावडरींचे प्रयोग थांबवून ऑपरेशन झालेल्या हॉस्पिटलात जा. सततच्या उलट्यांनी बी-1 जीवनसत्त्व घटतं आणि नसांवर, मेंदूवर परिणाम होऊ शकतो.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. वजन झपाट्यानं उतरल्यावर हे बहुतेकांना होतं आणि पुढं थांबतं. पण पायांवर सूज, सतत थकवा, जखम न भरणं ही लक्षणं असतील तर रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रोटीन तपासून घ्या. प्रोटीन पेय मल्टिव्हिटॅमिन, बी-12 आणि कॅल्शियमच्या गोळ्यांची जागा घेत नाही.

पावसाळ्यात कोल्हापूरची हवा इतकी दमट असते की उघडा राहिलेला डबा आठवड्यात खडे धरतो. ओला चमचा घालू नका, आतली सिलिकाची पुडी काढू नका, आणि डबा गॅसच्या ओट्यापासून लांब ठेवा. मोठा डबा असेल तर आठवड्यापुरती पावडर छोट्या घट्ट झाकणाच्या बरणीत काढून घ्या. कालवलेलं पेय बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नका, फ्रिजमध्ये त्याच दिवशी संपवा. खडे झालेल्या पावडरीला खवट वास येत असेल तर ती टाका.

घन आहार जमू लागला की पेय हळूहळू कमी करा. अंड्यात 6 ग्रॅम, 100 ग्रॅम पनीरमध्ये 18, शिजवलेल्या 100 ग्रॅम चिकनमध्ये 25 च्या वर. ताटात आधी हे खायचं, भाकरी नंतर. खाण्यातून 40 ग्रॅम भरले की पेय दिवसाला एक माप पुरतं. पेय पटकन उतरतं आणि पोट भरल्याची जाणीव टिकत नाही, म्हणून वर्षानंतरही दोन-तीन ग्लास दूध-पावडर चालू ठेवणाऱ्यांचं वजन पुन्हा चढू शकतं. एक माप पूर्ण बंद करायचं का, हे पुढच्या तपासणीतल्या अल्ब्युमिनच्या रिपोर्टवर आहारतज्ज्ञांना विचारून ठरवा.