वजनाचं ऑपरेशन झालंय आणि लांब पळायचंय, मग खायचं काय?

ज्यांचं वजन कमी करायला स्लीव्ह (पोटाचा मोठा भाग काढून नळी ठेवतात) किंवा बायपास (पोट लहान करून थेट आतड्याला जोडतात) होऊन गेलंय आणि आता डिसेंबरात हाफ मॅरेथॉन मारायची किंवा कात्रज ते सिंहगड नाइट ट्रेक करायचा असं डोक्यात आहे, त्यांच्यासाठी लिहितोय. माझं स्वतःचं स्लीव्ह झालेलं आहे. रनिंग ग्रुपवर जे सल्ले मिळतात ना, आदल्या रात्री पास्ता हाणा, मग दर पाऊण तासाला एक एनर्जी जेल (पाकिटातला दाट गोड पाक) आणि वर ग्लासभर पाणी, ते सगळं अख्खं पोट असणाऱ्यांसाठी. आपल्यालाही एनर्जी तीच लागते, फक्त ती चमच्या-चमच्यानं आत ढकलायची.

पहिली अट म्हणजे वजन स्थिर झालेलं हवं. वजन अजून भराभर उतरतंय तोवर शरीर तसंच उपाशी आहे, स्नायूत साठा कमी, त्यात तुम्ही २० किलोमीटर पळणार म्हणजे चरबीबरोबर स्नायूही जाणार. तोवर पुण्यात तळजाई, वेताळ टेकडी, झेडब्रिजवरून चालणं, एवढं पुष्कळ आहे. आणि सर्जनला विचारताना नुसतं "व्यायाम करू का" असं विचारू नका, तो हो म्हणणारच, किती तास सलग पळणार आहात ते सांगा. सीबीसी, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), व्हिटॅमिन बी१२, डी आणि कॅल्शियम तपासून घ्या. हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही फेरिटिन तळाला गेलेलं असू शकतं, आणि मग लोक म्हणतात स्टॅमिनाच येत नाही. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका आणि कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास लांब ठेवा.

आता मुद्द्याचं. स्लीव्हमध्ये पोटाचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढतात, आणि भूक लावणारं घ्रेलिन हे हार्मोन मुख्यतः त्याच भागात तयार होतं. त्यामुळे आपल्याला भूक लागली की खाऊ हे चालत नाही, ती लागतच नाही आणि डायरेक्ट पाय थरथरायला लागतात. घड्याळात दर १० मिनिटांचा अलार्म लावा. वाजला की एक घोट किंवा एक घास, भूक असो नसो.

किती? साधारण रनरला तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब सांगतात. आपण १५-२० पासून सुरू करायचं आणि आठवड्या-आठवड्यानं वाढवायचं, ३० पचायला लागलं तर हाफसाठी बऱ्याच जणांचं भागतं. फुल मॅरेथॉन किंवा सायकलवर बोपदेव घाट करून पुढे लांब जायचं असेल तर त्याच्या वर जायला लागेल, पण ते महिनोन्महिन्यांचं काम आहे.

माझा आवडता माल म्हणजे उकडलेला बटाटा. मऊ कुस्करायचा, भरपूर मीठ, थोडं जिरं, आणि लहान झिप पाउचमध्ये भरून कोपरा कापायचा. १०० ग्रॅम बटाट्यात जवळपास २० ग्रॅम कार्ब मिळतात, म्हणजे एक बटाटा तासभर पुरतो, गोड नाही, मीठही जातं. मऊ भाताचे मीठ लावलेले छोटे गोळेही चालतात, हे ट्रेकला उत्तम. केळं असेल तर अर्धं, तेही एका वेळी दोन घास. खजूर अर्धा-अर्धा करून बघा, काहींना सोसतो, काहींना अजिबात नाही. चिक्की मात्र खिशातच राहू द्या, पळताना ती चावून बारीक होत नाही आणि आपल्या पोटाच्या नळीत मोठा तुकडा अडकला की पुढचा अर्धा तास छातीत जे होतं ते ज्याला झालंय त्यालाच कळतं.

जेल वापरायचंच तर एका पाकिटात साधारण २० ते २५ ग्रॅम कार्ब असतात, ते एका दमात पिळायचं नाही. तीन-चार भाग करा, मध्ये पाण्याचे घोट घ्या. कारण डंपिंग. दाट गोड माल एकदम आतड्यात उतरला की तो पाणी ओढून घेतो आणि १० ते ३० मिनिटांत मुरडा, धडधड, जुलाब सुरू. बायपासवाल्यांना हे जास्त, पण स्लीव्हवाल्यांनीही फार खुशीत राहू नये. दुसरा प्रकार उशिराचा, एक ते तीन तासांनी, त्यात इन्सुलिन जास्त सुटून साखर धाडकन पडते. घाम, थरथर, डोळ्यापुढे धूसर. म्हणून स्टार्टच्या आधी अर्धा-पाऊण तास गोड काही घेऊ नका, हीच सगळ्यात धोक्याची वेळ. पळायला लागल्यावर शरीर इन्सुलिन आवरतं घेतं, त्यामुळे तेच गोड २० मिनिटं पळून झाल्यावर बऱ्याच जणांना नीट सोसतं. स्टार्ट पहाटेचा असेल तर दोन-अडीच तास आधी उठून नाचणीची पेज किंवा मेतकूट-भाताचे चार घास खा, झोपेचं खोबरं होतं पण इलाज नाही. साखर पडलीच तर थांबा, ग्लुकोज पावडर १५ ग्रॅमच्या आसपास घ्या आणि बरं वाटलं की मागोमाग बटाटा किंवा सत्तूसारखं सावकाश पचणारं काहीतरी, नाहीतर परत पडते. वारंवार होत असेल तर रेस राहू दे, आधी डॉक्टर.

पाण्याचं गणित आदल्या दिवसापासून. आपल्याला एकदम बाटली रिचवता येत नाही, त्यामुळे मागे पडलो की पडलो. इलेक्ट्रालचं (ओआरएस) मोठं पाकीट सांगितल्याप्रमाणे पूर्ण एक लिटरमध्येच कालवा, त्यात ग्लुकोज फक्त साडेतेरा ग्रॅम असतं, म्हणजे ते मीठ-पाण्यासाठी, एनर्जी वेगळी मोजायची. लाँग रनच्या आधी आणि नंतर वजन करा, एक किलो कमी म्हणजे ढोबळमानानं एक लिटर पाणी गेलं. उलट वजन वाढलं असेल तर नुसतं पाणी जास्त ढोसताय, तेही वाईटच. सोडा, फसफसणारं काहीही नको.

संपल्यावर लगेच पातळ प्रोटीन, व्हे आयसोलेट (दुधातल्या प्रोटीनची पावडर) किंवा ताकात सत्तू, थोडं थोडं करत. सिंहगडावर गेलात तर पिठलं आणि दही खुशाल खा, भाकरी दोन घास, कांदाभजी मित्रांना. खाली उतरून उसाचा रस तर नकोच. आणि सेलिब्रेशनची बिअर ऑपरेशननंतर फार पटकन चढते, त्यात रिकामं पोट, तेव्हा गाडी चालवायची असेल तर विचारही करू नका.

गुडघा दुखतोय म्हणून कोणी कॉम्बिफ्लाम पुढे केली तर घेऊ नका, त्यात आयबुप्रोफेन असतं, आणि बायपासनंतर अशा गोळ्यांनी पोट-आतड्याच्या जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो. स्लीव्हवाल्यांनीही डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. बिबच्या (छातीवर लावायचा रेस नंबर) मागच्या बाजूला ऑपरेशनचं नाव, ही गोळी चालत नाही ही सूचना आणि घरच्यांचा नंबर पेननं लिहा, मेडिकल टेंटमधल्या पोराला तुमच्या पोटाचा इतिहास कुठून माहीत असणार.