थेंबाआधी परीक्षानळी

सांगलीहून संशोधनासाठी बाहेर निघाले तेव्हा आईने विचारलं, "नेमकं करणार काय?" म्हटलं, "एकमेकांत न मिसळणारी दोन पाणी बघणार." तिला वाटलं चेष्टाच करतेय.

पण ते खरं आहे. पॉलिएथिलीन ग्लायकॉल, म्हणजे पेग, आणि डेक्स्ट्रान हे दोन्ही लांब साखळीसारखे रेणू, आणि दोन्ही पाण्यात छान विरघळतात. एकत्र करून ठरावीक संहतीच्या वर नेलं की मात्र द्रावण दुधाळ होतं. रात्रभर ठेवा, सकाळी दोन थर: खाली डेक्स्ट्रान, वर पेग, आणि दोन्हींत बहुतांश पाणीच. साखळ्या लांब असल्या की मिसळण्यातून मिळणारी एन्ट्रॉपी, म्हणजे अव्यवस्थेतली वाढ, फारच थोडी असते, मग किंचित नावडही वेगळं व्हायला पुरते.

हेच मिश्रण तेलात, लेसिथिन या स्निग्ध पदार्थाचं पातळ कवच असलेल्या पेशीएवढ्या थेंबांत कोंडायचं, हा माझा प्रकल्प. शंभर मायक्रोमीटर त्रिज्येऐवजी दहाचा थेंब घेतला की घनफळाच्या मानाने पृष्ठभाग दहापट होतो. कवचाला कोण चिकटतं याला तिथे फार महत्त्व येतं, आणि परीक्षानळीत एकजीव राहणारं मिश्रण लहान थेंबात फुटू शकतं, म्हणजे पेग आणि डेक्स्ट्रान वेगळे होऊ शकतात.

मी थेट मायक्रोस्कोपला जाऊन बसले. दुसऱ्याच आठवड्यात लहान थेंब फुटलेले दिसले, मोठे तसेच. आनंदाने फोटो पाठवले. मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, "त्रिज्या मोजलीस का, सुरुवातीची आणि आत्ताची?"

नव्हती मोजली. स्लाइड सील केली नव्हती, पाणी तेलातून हळूहळू निसटत होतं, आणि लहान थेंब आधी सुकतात. वीस मायक्रोमीटरची त्रिज्या सोळा झाली की घनफळ जवळपास निम्मं होतं, म्हणजे संहती दुप्पट! तशी दुप्पट संहती मोठ्या नळीतही फुटलीच असती. दोन आठवडे पाण्यात, किंवा तेलात म्हणा.

म्हणून सुरुवात नळीतून करा. डेक्स्ट्रानचं द्रावण तोलून घ्या, पेग थेंबाथेंबाने घाला, गढूळ झालं की पुन्हा तोला, मग पाणी घालून स्वच्छ करा आणि पुढे चला. असे दहा-पंधरा बिंदू आलेखावर मांडले की एकजीव आणि फुटलेलं मिश्रण यांच्यातली सीमारेषा मिळते. याला कॉलेजचा साधा वजनकाटा चालतो. सुट्टीत घरी आले तेव्हा मी हे सांगलीतच केलं. पेग स्वस्त आहे, डेक्स्ट्रान महाग, तेव्हा दोन-दोन ग्रॅमची मिश्रणं पुरेत. तापमान लिहून ठेवा. मेमधली सांगली आणि एसीची लॅब यांत सीमारेषा सरकते.

परत गेल्यावर तेल आधी पाण्याने संपृक्त केलं, कव्हरस्लिपच्या कडा ताईच्या नेलपॉलिशने बंद केल्या आणि दर दहा मिनिटांनी त्रिज्या टिपली. बहुतेक थेंब शांत राहिले. काही लहान थेंब त्रिज्या न बदलता फुटले. या वेळी फोटोसोबत तक्ताही पाठवला.