शेजाऱ्याच्या अंगणात परांची लावण्याआधी

बाहेरच्या भिंतीला प्लास्टर करायचंय, पण परांची शेजाऱ्याच्या अंगणात उभी राहणार. तोंडी होकारावर काम काढू नका. तो मधेच फिरला तर गवंडी अडतो, परांचीचं भाडं चालूच.

साध्या कागदावर तारखा, कामाच्या वेळा, परांचीची जागा आणि नुकसानभरपाई लिहा. सही मालकाची घ्या, भाडेकरूची नको. ‘परवानगी तात्पुरती आहे, यातून वहिवाटीचा हक्क निर्माण होणार नाही’ हे वाक्य घालाच. बरेच शेजारी याच धास्तीने नकार देतात. फरशी-कुंड्यांचे फोटो आधीच काढून ठेवा.

तुमच्या हक्काची पाइपलाइन त्यांच्या जमिनीतून जात असेल तर १८८२च्या सुविधाधिकार कायद्याचं कलम २४ कामी येतं: दुरुस्तीसाठी आत जाऊन खणता येतं, मात्र जमीन पूर्ववत करून द्यावी लागते. तरीही अडवलं तर कुलूप तोडू नका, दिवाणी न्यायालयात जा.