एजंटकडून नेमकं काय विकत घ्यायचं? खान्देशातल्या प्रवाशांसाठी

एजंटाच्या दुकानाची पायरी चढण्याआधी एवढं ठरवा: तुम्हाला नुसतं तिकीट हवंय, वाटेत कुणाची सोबत हवीय, की कागदपत्रं करून हवीत? बहुतेकांची फसगत होते ती एक मागायला जाऊन दुसऱ्याचे पैसे मोजल्यामुळे.

दोघं-तिघं भुसावळ-जळगावहून रेल्वेनं निघालेत, तारीख पक्की आहे, तर एजंट लागत नाही. आरक्षण ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतं. तत्काळ एक दिवस आधी मिळतं, एसीचं १० वाजता, स्लीपरचं ११ वाजता. पण हा दिवस गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेपासून मोजतात. मुंबईहून ९ तारखेला रात्री सुटलेली गाडी भुसावळला १० तारखेला पहाटे येत असेल, तर तिचं तत्काळ ८ तारखेलाच उघडतं. मध्यरात्रीनंतरच्या गाडीची तारीख चुकवून रिकाम्या फलाटावर बसलेली कुटुंबं याच गोंधळाची बळी असतात.

तत्काळच्या पहिल्या ३० मिनिटांत अधिकृत एजंटालाही तिकीट काढता येत नाही. म्हणून ‘तत्काळ हमखास काढून देतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा. तो बहुधा कुणाच्या तरी खासगी आयडीवरून तिकीट काढून विकतो. हा रेल्वे कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे गुन्हा आहे आणि तिकीट रद्द झालं तर नुकसान तुमचं होतं. अधिकृत तिकिटावर एजंटाचं नाव छापलेलं असतं, ते बघा. आरक्षणात मोबाईल नंबर मात्र तुमचाच टाकायला लावा. तिकीट रद्द झालं की परतावा एजंटाच्या खात्यात जातो, आणि त्याचा ओटीपी तुमच्याच नंबरवर यायला हवा.

जाणता एजंट कामाला येतो तो वेटिंग असताना. मधल्या स्टेशनाचा कोटा लहान असतो. अशा वेळी तो तिकीट गाडीच्या पहिल्या स्टेशनापासून काढतो आणि चढण्याचं ठिकाण भुसावळ टाकतो. भाडं थोडं जास्त पडतं, पण जागा मिळण्याची शक्यता वाढते.

सगळ्यात जास्त गरज यात्रेकरूंना असते, आणि ती खरी गरज आहे. साठी ओलांडलेले आई-वडील आखाजीनंतर चारधामला निघतात, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास तिथली दारं उघडल्यावर. त्यांना हॉटेलपेक्षा रोजचं वरण-भात-पोळी, अहिराणी किंवा मराठी समजणारा माणूस आणि रात्री औषधाची आठवण करून देणारं कुणीतरी लागतं. म्हणून स्वयंपाकी सोबत नेणारा टूरवाला थोडा महाग असला तरी चालेल.

मात्र त्याच्याकडून पुढच्या गोष्टी कागदावर लिहून घ्या. केदारनाथला गाड्या सोनप्रयागला थांबतात, पुढे गौरीकुंडापर्यंत स्थानिक जीप आणि तिथून १६ किलोमीटर चढण, तीही एका बाजूची. जीप, घोडा, पालखी यांचा खर्च पॅकेजमध्ये धरलाय का? दरड कोसळून मुक्काम वाढला तर त्या रात्रीचं भाडं कोण देणार? खोलीत माणसं किती आणि संडास कसला? गुडघे दुखणाऱ्यांसाठी हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. उत्तराखंड सरकारची यात्रा-नोंदणी सक्तीची आहे. प्रत्येकाच्या नोंदणीची प्रत निघण्याआधीच हातात घ्या. केदारनाथच्या हेलिकॉप्टरचं तिकीट आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावरून निघतं. व्हॉट्सॲपवर दुसरीच लिंक पाठवून पैसे मागणाऱ्याला देऊ नका.

हजला जाणाऱ्यांनी दोनच वाटा धराव्यात: हज कमिटी ऑफ इंडिया, किंवा अल्पसंख्याक व्यवहार मंत्रालयाकडे नोंदलेला खासगी टूर ऑपरेटर. नोंदणी त्या वर्षाची आहे का, तेही तपासा.

लेकाकडे अमेरिकेला निघालेल्या धुळ्या-नंदुरबारच्या आई-वडिलांना एजंट हवा असतो तो फॉर्म आणि विमानासाठी. व्हिसाचा डीएस-१६० फॉर्म एजंटानं भरला तरी त्यातल्या प्रत्येक उत्तराची जबाबदारी अर्जदाराची असते. म्हणून भरलेला फॉर्म मराठीत समजावून घ्या, मगच पाठवू द्या. वाटेत विमान बदलायचं असेल तर दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच आरक्षण क्रमांकावर हवेत. स्वस्त पडतात म्हणून वेगवेगळी तिकिटं काढली, तर मध्येच सामान काढून पुन्हा द्यावं लागतं, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्याचे पैसे बुडतात. व्हीलचेअर मागायची असेल तर तिकीट काढतानाच नोंदवायला सांगा, विमानतळावर ऐन वेळी नको.

उलट बाजूचे, म्हणजे बाहेरून इकडे येणारे पाहुणेही एजंट शोधतात. जळगावला उतरून अजिंठा बघायला जाणाऱ्यांसाठी साधारण ६० किलोमीटरचा रस्ता आहे. अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी, त्यामुळे दोन दिवसांचा बेत आखणाऱ्यानं वार नीट मोजावा. फर्दापूरच्या टी-पॉइंटला खासगी गाडी थांबते, तिथून लेण्यांपर्यंत वेगळी बस असते. गाडीवाल्याला ‘लेण्यांपर्यंत’ असं भाडं ठरवलं असेल, तर बसचे पैसे त्यात आहेत का, हे आधी विचारा.

पैसे एकदम देऊ नका. आगाऊ थोडे, तिकीट दिसल्यावर थोडे, उरलेले निघायच्या आठवड्यात. प्रत्येक वेळी बिल घ्या आणि रद्द केल्यास किती दिवस आधी किती कापणार, हे त्या बिलावरच लिहून घ्या.